पाठ कुणाकडे, तोंड कुणाकडे: प्रेमकथा करणाऱ्यांना पुण्याहून खुले पत्र

मराठीत आणि हिंदीत प्रेमाचे चित्रपट व मालिका लिहिणाऱ्या, दिग्दर्शित करणाऱ्या आणि त्यांच्यावर पैसे लावणाऱ्या सर्वांना,

स. न. वि. वि.

माझी आई ८६ वर्षांची आहे. तिला इंग्रजी वाचता येत नाही आणि भरभर बोललेलं हिंदी आता तिच्या कानात शिरत नाही. म्हणून रात्रीची जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, की मी तिच्या खुर्चीला खुर्ची लावून बसते आणि टीव्हीवर खाली उमटणारी इंग्रजी अक्षरं मराठी करून मोठ्याने वाचत जाते. मालिका कोरियन असते, घर कोथरूडचं आणि आवाज माझा. नायकाचा, नायिकेचा, सासूचा, मासळी विकणाऱ्या बाईचा, सगळ्यांचा आवाज मीच.

२०२५ च्या मार्चमध्ये ‘व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरीन्स’ ही सोळा भागांची मालिका आली. जेजू बेटावरच्या एका जोडप्याच्या अख्ख्या आयुष्याची ती गोष्ट आहे. त्यात एक प्रसंग आहे. ए-सुन लग्न होऊन सासरी आली आहे. घरातल्या मोठ्यांचं जेवणाचं मेज वेगळं आणि सुनेचं बाजूला, लहानसं. तिचा नवरा ग्वान-सिक मोठ्यांच्या मेजावर बसलेला. तो भांडत नाही, भाषण करत नाही. बसल्या जागी वळतो, मोठ्यांकडे पाठ करतो आणि बायकोच्या मेजाकडे तोंड करून जेवायला लागतो.

मी वाचायची थांबले होते. आई म्हणाली, “मागे घे. परत लाव.” तीनदा लावलं. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, “पाठ कुणाकडे केली बघितलंस का?”

आमचं नारायण पेठेतल्या वाड्यातलं घर अकरा माणसांचं होतं. आधी पुरुष, मग मुलं, मग आजी आणि आत्या, आणि सगळ्यात शेवटी आई, चुलीपाशीच पाट घेऊन. तोपर्यंत आमटी तळाला गेलेली असायची आणि पोळी गार. तव्यावरची पोळी थेट तिच्या ताटात पडली असा एकही दिवस तिला आठवत नाही. ह्याचं तिला दुःख होतं असं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या रात्री पाहिलं.

मी नंतर अंथरुणात पडल्या पडल्या आठवत राहिले. वयाच्या दहाव्या वर्षापासून मी प्रेमाचे चित्रपट बघते आहे. विजय, अलका, नीलायम, प्रभात, ह्या शहरातल्या कितीतरी टॉकीजमध्ये मी रांगेत उभी राहिले आहे. नायकाने नायिकेसाठी गुंडांना लोळवलेलं मी पाहिलं, आगीत उडी घेतलेली पाहिली, रेल्वेच्या डब्यावर चढलेला पाहिला. तिला गरम जेवायला मिळावं म्हणून बसायची जागा बदललेला एकही नायक मला आठवला नाही. तुम्हाला आठवत असेल तर मला जरूर कळवा, आईला दाखवायचा आहे.

म्हणून हे पत्र.

तुमच्या मुलाखतींत एक वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकते आहे: प्रेक्षकांना हेच हवं असतं. ते प्रेक्षक म्हणजे मी, माझी आई, आणि आमच्या सोसायटीतल्या चौघी-पाचजणी. आम्हाला आजवर कोणी विचारलेलं नाही. विचारलं असतं तर इतक्या लांबच्या देशातल्या, एक शब्दही न कळणाऱ्या भाषेतल्या गोष्टींसाठी आम्ही रात्री जागतो आहोत हे तुम्हाला कळलं असतं. आमच्यातल्या एकीचे डोळे अधू आहेत, तिच्या शेजारी बसून दुसरी वाचते. अंगावर इतकं ओझं घेऊन कोणी करमणूक करून घेत नाही. त्यात काहीतरी असं आहे की जे घरच्या भाषेत मिळेनासं झालं आहे.

माझी सुरुवात २०२० च्या टाळेबंदीत झाली. भाची आमच्याकडे अडकली होती. तिने ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’ लावली. दक्षिण कोरियातली एक श्रीमंत उद्योजिका पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडून सीमेपलीकडे उत्तर कोरियात पडते आणि तिथला एक लष्करी अधिकारी तिला लपवून ठेवतो. ऐकताना मला वाटलं, हे असलं काही मी बघणार नाही. मग तो अधिकारी हाताने पीठ मळून तिच्यासाठी शेवया करू लागला आणि मी बसले. पुढे ती अंधाऱ्या बाजारात चुकते आणि तो गर्दीत हात उंच करून एक मेणबत्ती धरून उभा राहतो. आधी तिने सुवासिक मेणबत्ती मागितली होती आणि त्याने समजून न घेता साधी आणली होती. ह्या वेळी त्याने सुवासिक आणलेली असते. बस्स, इतकंच. तिचं बोलणं त्याने लक्षात ठेवलं होतं. पटकथा पार्क जी-उन ह्या बाईंची, आणि ते दृश्य बाईनेच लिहिलं असणार हे नाव वाचायच्या आधी मला वाटलं होतं.

नंतर ‘रिप्लाय १९८८’ पाहिली. ती प्रेमकथा आहे, पण त्याहून जास्त एका गल्लीची कथा आहे. सोलमधल्या सांगमुन-दोंग नावाच्या वस्तीत पाच घरं. पहिल्याच भागात संध्याकाळी एक आई मुलाच्या हातात वाडगा देऊन शेजारी पाठवते, शेजारीण दुसरं काही भरून परत पाठवते, आणि सगळी पोरं जेवायच्या वेळी वाडगे घेऊन गल्लीत वर-खाली धावत राहतात. आई ते बघून सरसावून बसली. “रिकामी वाटी परत करायची नसते,” ती म्हणाली. आमच्या वाड्यात तेच होतं. भाजणीच्या थालिपीठावर लोण्याचा गोळा ठेवून मी कितीदा समोरच्या बिऱ्हाडात पळाले आहे आणि येताना त्याच ताटलीत साखरआंबा घेऊन आले आहे! कोरियात माणसं भेटल्यावर एकमेकांना “जेवलास का?” असं विचारतात. मायेची माणसं तर हमखास. आपणही तेच विचारतो. दाराशी आलेल्या माणसाला दुसरं काय विचारायचं असतं? आपल्या पडद्यावरून मात्र हा प्रश्न गेला. आपल्या मालिकांमध्ये जेवणाचं टेबल येतं ते कोणीतरी कोणाचा तरी अपमान करण्यासाठी, नाहीतर खिरीत काही मिसळण्यासाठी.

आता मी ते लिहिते जे मी आजवर फार थोड्यांना सांगितलं आहे.

१९८२ साली मी १९ वर्षांची होते. सायकलवर कॉलेजला जायची. पुरुषोत्तम करंडकासाठी आमच्या कॉलेजची एकांकिका बसत होती आणि तीत मला भूमिका मिळाली होती, विधवा मोठ्या बहिणीची. तालमी संध्याकाळी सहाला सुरू व्हायच्या. साधारण त्याच सुमारास एक मुलगा लूनावरून माझ्या मागे यायला लागला. डेक्कनपासून लकडी पूल, अलका टॉकीजचा चौक, आणि तिथून वाड्याच्या दिंडी दरवाजापर्यंत. तो काही करायचा नाही. गाणं म्हणायचा, शीळ घालायचा, पुढे जाऊन थांबायचा. मी एकदा थांबून त्याला स्पष्ट सांगितलं की मला हे आवडत नाही, परत येऊ नकोस. तो हसला. त्याला वाटलं आता गोष्ट सुरू झाली. मैत्रिणी म्हणाल्या, काय नशीब आहे तुझं, अगदी सिनेमासारखं.

अगदी सिनेमासारखं होतं. त्याने ते तिथूनच उचललं होतं. नायिका पहिल्यांदा चिडते, दुसऱ्यांदा तोंड फिरवते, तिसऱ्यांदा ओठाच्या कोपऱ्यात हसते आणि मग व्हायोलिन वाजतं, हे त्याला पाठ होतं. माझ्या नकारावर तो व्हायोलिनची वाट बघत होता. महिना-दोन महिने.

शेवटी शेजाऱ्यांनी अण्णांना, माझ्या वडिलांना, सांगितलं. अण्णांनी मला रागावलं नाही. त्यांनी सायकलचं कुलूप बदललं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. तालमी बंद झाल्या. माझी भूमिका दुसऱ्या मुलीला गेली. प्रयोगाच्या दिवशी मी भरत नाट्य मंदिरात आठव्या-नवव्या रांगेत बसून माझे संवाद तिच्या तोंडून ऐकले. मी नंतर कधी नाटकात काम केलं नाही. तो मुलगा पुढे कुठे गेला, मला माहीत नाही. त्याने कोणाचं काही वाकडं केलं असं त्याला आजही वाटत नसणार.

२०१३ साली भारतीय दंड संहितेत कलम ३५४ ड आलं. बाईने स्पष्ट नको म्हटल्यावरही तिचा पुन्हा पुन्हा पाठलाग करणं, संपर्क साधत राहणं हा गुन्हा ठरला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत तेच कलम ७८ आहे. मी ती बातमी कापून ठेवली होती. २०१३ च्याच जूनमध्ये ‘रांझणा’ प्रदर्शित झाला. त्यातला नायक शाळकरी वयापासून मुलीच्या मागे लागतो आणि ती नाही म्हणते तेव्हा मनगट कापून घेतो. चित्रपटगृहात माझ्या आजूबाजूची मुलं टाळ्या वाजवत होती. संगीत सुंदर होतं, छायाचित्रण सुंदर होतं, वाराणसी सुंदर होती, आणि म्हणूनच मला जास्त त्रास झाला. सगळं सौंदर्य त्याच्या बाजूला उभं केलं होतं. २०१९ मध्ये ‘कबीर सिंग’ आला. तिथे नायक एका मुलीला, तिने तोंड उघडायच्या आधी, सगळ्या कॉलेजला बजावून आपली ठरवून टाकतो. तो त्या वर्षातल्या सर्वाधिक चाललेल्या चित्रपटांपैकी एक ठरला.

तुम्ही म्हणाल, आम्ही माणूस जसा आहे तसा दाखवतो. दाखवा, जरूर दाखवा. पण कॅमेरा कुणाच्या खांद्यामागे आहे ते बघा. मी पुलावरून सायकल मारताना माझ्या पोटात काय होत होतं ते तुमच्या एकाही गाण्यात नाही. लूनावरचा वारा मात्र प्रत्येक गाण्यात आहे.

आणि हे फक्त मारधाड करणाऱ्या नायकांचं नाही. सत्तरच्या दशकातले ते सौम्य, मध्यमवर्गीय चित्रपट मला फार आवडायचे, अजून आवडतात. ‘छोटी सी बात’ मी भाचीबरोबर पुन्हा पाहिला. अमोल पालेकरांचा तो बुजरा कारकून, कुणालाही माया वाटावी असा. तोही तिच्या मागे मागे बसस्टॉपपर्यंत जातो. भाचीने मला विचारलं, “मावशी, हिला भीती नाही वाटत का?” मला उत्तर सुचलं नाही. इतकी वर्षं तो प्रश्न मलाही पडला नव्हता, माझ्या स्वतःच्या बाबतीत घडून गेलेलं असतानाही.

कोरियन मालिका निर्मळ आहेत असं मी म्हणत नाही. २००९ ची ‘बॉइज ओव्हर फ्लॉवर्स’ मी चार भागांनंतर बंद केली. श्रीमंत घरचा मुलगा गरीब मुलीला छळतो, खेचतो, आणि ते प्रेम म्हणून आपल्यापुढे येतं. मनगट धरून मुलीला ओढत नेणं हे जुन्या कोरियन मालिकांत इतक्यांदा येतं की आई दरवेळी म्हणायची, “अरे, हात सोड तिचा.” पण मी पाच वर्षांत जुन्या-नव्या मिळून बऱ्याच पाहिल्या, आणि फरक डोळ्यांना दिसतो. नव्या मालिकांत हात धरलेला नायक थांबतो, बघतो, सोडतो. जवळ जाण्याआधी विचारतो. आणि त्या विचारण्याने प्रसंगातली गोडी कमी होत नाही, उलट श्वास अडकतो. तिकडेही पाठलागाविरुद्धचा कायदा २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये लागू झाला, आपल्यापेक्षा उशिरा. म्हणजे ती माणसं आपल्याहून शहाणी जन्माला आलेली नाहीत. त्यांनी स्वतःच्याच जुन्या गोष्टी पुन्हा वाचल्या आणि खोडरबर घेतलं.

बाकी दोषही आहेत. अब्जाधीशांचे वारस फार. स्मृती जाते ती नेमकी हवी तेव्हा. सगळी माणसं गोरी आणि सडपातळ. सावळी, जाड, साधी माणसं दुय्यम कामांत. मधूनच सगळे एका विशिष्ट दुकानातलं काहीतरी खातात आणि ती जाहिरात आहे हे कळतं. शिवाय ज्या देशात प्रेमाच्या इतक्या गोष्टी तयार होतात तिथे २०२३ मध्ये जन्मदर दर स्त्रीमागे ०.७२ पर्यंत उतरला. घरांच्या किमती, कामाचे तास, आणि लग्नानंतर बाईवरच पडणारा घराचा भार, ह्यांमुळे तिथल्या मुली लग्नाला नाही म्हणताहेत. माझ्या एका मैत्रिणीचं म्हणणं असं की मालिकेतला नवरा आणि घरातला नवरा ह्यांच्यात जितकं अंतर जास्त, तितकी मालिका गोड. असेलही. पण निदान तिथल्या लेखिका तो भार पडद्यावर आणतात. ‘माय मिस्टर’मध्ये कर्जात बुडालेली एक मुलगी आजारी, मुक्या आजीला सांभाळते आणि तिच्या कचेरीतला एक थकलेला मध्यमवयीन माणूस तिच्या पाठीशी उभा राहतो. ते प्रेम आहे का, ह्यावर आमच्या चौघींचं अजून एकमत नाही. सोळा भाग ती दोघं एकमेकांना फक्त बघतात, ऐकतात आणि जेवू घालतात. इतकं एकाकीपण आणि त्यावरची इतकी फुंकर मी क्वचितच कुठे पाहिली असेल.

आपल्याकडे हे नव्हतंच असं म्हणायला माझी जीभ वळणार नाही. ह्याच शहरात, लॉ कॉलेज रोडवर आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे तिथे ‘प्रभात’ फिल्म कंपनी होती, आणि तिथे १९३९ साली व्ही. शांताराम ह्यांनी ‘माणूस’ केला. एक पोलीस शिपाई आणि बदनाम वस्तीत राहणारी मैना. तो तिला सन्मानाने घरी न्यायला निघतो, आणि त्या उंबरठ्याशी तिचं जे होतं, ते प्रेमाबद्दलचं माझ्या पाहण्यातलं सगळ्यात खरं दृश्य आहे. आईचा जन्म त्याच वर्षीचा. म्हणजे ह्या पुण्यात आईच्या वयाइतकी जुनी अशी एक प्रेमकथा आहे जिला बाईचं मन दिसत होतं. पुण्याच्याच साई परांजपे ह्यांनी ‘स्पर्श’ केला. अंध शाळेचा, स्वतःही अंध असलेला मुख्याध्यापक आणि एक तरुण विधवा. तिचं प्रेम आहे की दया, ह्या एका शंकेने पोखरलेला तो अभिमानी माणूस. त्यात कोणी खलनायक नाही आणि क्षणभरही कंटाळा येत नाही. १९९५ च्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’मधला मला आठवणारा प्रसंग नायक-नायिकेचा नाहीच. आई मुलीला सांगते की माझ्या वाट्याला जे त्याग आले ते तुझ्या वाट्याला येऊ देणार नाही असं मी ठरवलं होतं. पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत फरीदा जलाल बाईंनी आमच्या अख्ख्या पिढीच्या आयांना चेहरा दिला.

मराठीत २०१० चा ‘मुंबई-पुणे-मुंबई’. मुंबईहून मुलगी स्थळ नाकारायला पुण्यात येते, आणि एक दिवस दोन माणसं चालत-बोलत राहतात. तिचं बोलणं त्याच्याइतकंच, कधी जास्त. आम्ही तो बघून बाहेर पडलो तेव्हा रस्ते ओळखीचे वाटत होते आणि नवेही. २०१६ च्या ‘सैराट’मध्ये आर्ची बुलेट चालवते, आपलं मन आपण बोलते, आणि शेवटी जातीने त्या दोघांचं काय होतं ते नागराज मंजुळे ह्यांनी आपल्यापासून लपवलं नाही. त्या बाळाची लाल पावलं मी विसरू शकलेले नाही. आणि टीव्हीवर २०१२ साली ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ आली. त्याच वर्षी गोष्ट संपली आणि मालिकाही संपली. तुम्ही करू शकता हे मला माहीत आहे म्हणून तर इतकं लांब लिहिते आहे. ज्याच्याकडून काही अपेक्षाच नाही त्याला कोण पत्र पाठवतं?

गोष्ट संपू द्या, ही माझी फार कळकळीची विनंती आहे. कोरियन मालिका बहुतेक सोळा भागांची, तासाभराचा भाग, आठवड्याला दोन. दोन महिन्यांत ती माणसं आपला निरोप घेतात. लिहिणारी व्यक्ती बहुतेक वेळा एकच असते, आणि तिचं नाव बघून लोक मालिका निवडतात. किम उन-सुक, नो ही-ग्योंग, पार्क हे-यंग ह्या लेखिकांची नावं आमच्या सोसायटीत नटांच्या नावांसारखी घेतली जातात. आपल्याकडे कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. रोज एक भाग, आणि दर गुरुवारी टीआरपीचे आकडे. आकडा खाली आला की नायिकेच्या आयुष्यात अपघात होतो. हे लिहिणारी मुलं हुशार आहेत. त्यांतली काही माझ्या माहितीतली आहेत, रात्री दोनपर्यंत जागून दुसऱ्या दिवशीच्या चित्रीकरणाची पानं पाठवतात. त्यांना सहा महिने द्या, सोळा भाग द्या आणि शेवट त्यांच्या मनासारखा करू द्या. मग पुढचं आम्ही बघतो, म्हणजे शब्दशः बघतो.

ॲपवाल्यांनाही एक सांगायचं आहे. मी पाहिलेल्या कोरियन मालिकांपैकी काहींना हिंदी आवाज होता, काहींना तमिळ आणि तेलुगूही. मराठी अक्षरं मला एकाही मालिकेखाली सापडली नाहीत. आवाज देणं खर्चिक असेल, मान्य, पण अक्षरं? मी रोज रात्री ते काम फुकट करते आहे. कोरियनमध्ये नवऱ्याच्या आईशी, शेजारच्या थोरल्या बाईशी, धाकट्या मित्राशी बोलायची रूपं वेगवेगळी आहेत, जशी आपल्याकडे तू, तुम्ही, आपण. इंग्रजीत ते सगळं एका ‘यू’मध्ये बुडतं. तो तिला पहिल्यांदा एकेरीत हाक मारतो तेव्हा इंग्रजी अक्षरांत काहीच घडत नाही, आणि मी मात्र मध्ये थांबून आईला म्हणते, “आत्ता तो तिला ‘अगं’ म्हणाला.” आई मान डोलावते. मराठीत ते एका शब्दात बसतं.

माझ्याकडे मागण्यांची यादी नाही. कोरियन मालिकांची नक्कल करा असंही म्हणणं नाही. हिंजवडीच्या मुलाला सोलसारखा लांब कोट घालून उन्हात उभं करू नका. पण आमच्याकडे गोष्टी नाहीत असं तुमच्यातले काही म्हणतात तेव्हा मला राहवत नाही. एक गोष्ट माझ्याकडे आहे. ती मी तुम्हाला देते.

१९९९ च्या पावसाळ्यात आई मोरीत घसरली आणि तिचा उजवा हात मनगटात मोडला. सहा आठवडे प्लास्टर. आईचे केस तेव्हा कमरेपर्यंत होते. मी माझ्या संसारात होते, सकाळी आठला नोकरीला निघायची, त्यामुळे दोन दिवसांआड जाऊन यायची. एका सकाळी लवकर गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आतल्या खोलीत खिडकीपाशी आई स्टुलावर बसली होती आणि मागे अण्णा उभे. तेच अण्णा, ज्यांनी माझ्या सायकलची किल्ली खिशात ठेवली होती. ३५ वर्षं पोस्टात काढलेला, घरात चार शब्द बोलणारा माणूस. त्यांच्या तोंडात आकडे होते. आईचे केस त्यांनी तीन पेडांत वाटून घेतले होते आणि ते वेणी घालत होते. मधला पेड सुटायचा. ते परत सुरुवातीपासून घ्यायचे. आई म्हणाली, “राहू द्या, बांधा नुसते.” अण्णा आकडे दातांत धरून म्हणाले, “डोकं हलवू नकोस.”

मी दारातच थांबले. त्यांनी मला पाहिलं नाही. मी जिना उतरून खाली कट्ट्यावर बसले आणि दहा मिनिटांनी चपला वाजवत पुन्हा वर गेले. आईची वेणी थोडी वाकडी, पण घट्ट होती. अण्णा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. पुढे ह्या गोष्टीचा उच्चार आमच्या घरात कोणीही केला नाही. अण्णा २००८ साली गेले.

गेल्या महिन्यात कसल्याशा कोरियन मालिकेत एक म्हातारा आपल्या बायकोच्या पायांना तेल लावत होता, तेव्हा मी आईला विचारलं, तुला आठवतं का, अण्णांनी तुझी वेणी घातली होती? आई टीव्हीकडेच बघत म्हणाली, “सहा आठवडे. रोज.” आणि मग, “तू बघितलंस वाटतं.”

हे दृश्य घ्या. मानधन नको, श्रेयनामावलीत नाव नको. पार्श्वसंगीत घालणार असाल तर अगदी हलकं घाला. पेड सुटला तर सुटू द्या, त्यांना परत सुरुवातीपासून घेऊ द्या, आणि वेणी पूर्ण होईपर्यंत कॅमेरा हलवू नका.

आपली,
एक प्रेक्षक
कोथरूड, पुणे